बिळांची मोजणी

बेकिनकेऱ्याच्या वरच्या माळावर
मार्गशीर्षातली तिसरी रात्र.
टॉर्चच्या काचेला लाल जिलेटीन, रबरबँडनं बांधलेलं.
वहीत आजवर एकशे बेचाळीस तोंडं,
त्यातली चाळीसेक आतून बंद.
हरणमुशी दाराला मातीचा बोळा लावून
दिवसभर झोपतात. कडी घातल्यासारखा
घट्ट असतो तो बोळा, बोटानं उकरत नाही.

पहिल्या दिवशी वाट दाखवायला आली निंगव्वा.
बांधाखाली बोट करून म्हणाली, इल्ली.
मी लिहून घेतलं: उंदीर.
ती हसली, मिसरीनं काळे झालेले सगळे दात दाखवून.
"इल्ली म्हंजे हितं गे. उंदराला इली.
एक ल कमी केलीस की बिळातच जातीस बघ."

साडेआठला पहिला बोळा हलला.
नाक. मिशा.
मग करवंदासारखे दोन डोळे,
आणि बऱ्याच वेळानं शेपटी, टोकाला काळा झुबका.
मागच्या पायांवर ती उभी राहिली, हात छातीशी,
सोसायटीच्या रांगेत पासबुक धरून
उभ्या असलेल्या बाईसारखी.
शेजारच्या तोंडातून दुसरी आली.
नाकाला नाक.
कोण, कुठली, कुणाची,
सगळं त्या एका हुंगण्यात आटोपलं.
आमच्याकडे याला अर्धा तास लागतो
आणि तरी निघताना विचारतातच:
घरात काय बोलता?

सव्वादहाला खोकड आलं.
मला दिसलं नाही. तिला कळलं.
मागच्या पायानं जमिनीवर
धब्.
धब्धब्.
मी पालथी पडले होते, म्हणून
कानाआधी बरगड्यांना ऐकू आलं.
पाच-सहा बिळांतून उत्तरं, आणि माळ रिकामा.
शेंगेचं एक टरफल तेवढं अजून डुलत होतं.
ठोका देणारी सगळ्यांत शेवटी आत जाते
की सगळ्यांच्या आधी,
हे तीन रात्री जागूनही सांगता येत नाही मला.
सरांना ते टक्केवारीत हवं आहे.

जुन्या बिळाला रिकामं म्हणू नये, हेही इथंच शिकले.
अकरा नंबरात सापसुरळी.
तेवीसमध्ये धामणीची कात, अजून ओलसर.
एकोणतीसमध्ये मी बोट घातलं नाही.
आणि पावसाळ्यात, निंगव्वा सांगते,
सगळा माळ वरून वाहून जातो
पण या भोकाभोकांच्या पट्ट्यात पाणी आत उतरतं,
म्हणून मेंढ्यांना इथलं गवत शेवटपर्यंत पुरतं.

सत्तावन्न नंबर
सरहद्दीच्या दगडाच्या अलीकडून आत जातं
आणि पलीकडे, चंदगडच्या बाजूला, निघतं.
वहीत मी जिल्ह्यांचे दोन रकाने आखले होते.
त्या बिळाला दोन्ही ठिकाणी अर्धं-अर्धं लिहिलं.
मग खोडून ठेवलं, बघू.

आज दुपारी निंगव्वा खुरपं घेऊन आली.
सुगीनंतर दरसाल ती बिळं उकरते:
शेतातून गेलेल्या शेंगा शेतात परत.
हातभर खाली कोठी लागली,
तांब्याभर शेंगा, चार जोंधळ्याची कणसं,
नीट एकावर एक, देठ एका बाजूला.
तिनं ओंजळ भरली. पुन्हा भरली.
मग थांबली, उरलेल्यावर माती लोटायला लागली.
"निम्मं ठेवतीस?"
"पोटुशी हाय आत. तिच्या वाटणीचं आम्हीच खाल्लो
तर पुढच्या साली कोण गोळा करून ठेवणार?"
म्हटलं, दया येते का तुला?
"कसली दया. हिशेब हाय."

उठून तिनं पायानं माती दाबली,
टाचेनं, दोनदा.
खालून काही आलं नाही.
भर दुपार होती, झोपलेल्या असणार.
तरी ती तशीच उभी राहिली,
शेंगांचा ओटा एका हातानं धरून,
जराशी वाकून.